फेलोशिपपदी बिनविरोध

आमच्या हेडसरांचा निरोप समारंभ ते नोकरीवर हजर झाले त्याच दिवशी उरकला होता, असं मी सांगितलं की लोक म्हणतात, बाई फेकतायत. फेकते मी कधीकधी, नाही म्हणत नाही. पण हे फेकलेलं नाही. मी स्वतः दुसऱ्या रांगेत बसून पेढा खात होते.

झालं असं की, बारामतीतल्या आमच्या कॉलेजात सर केमिकल इंजिनिअरिंगचे विभागप्रमुख म्हणून रुजू झाले, नेमके त्याच दुपारी आधीचे प्रमुख निवृत्त होत होते. हॉल सजलेला, माईक चालू, हारांची टोपली भरलेली. आधीच्या साहेबांचं सगळं यथासांग पार पडलं. मग सर उठले, व्यासपीठावर गेले आणि प्राचार्यांना म्हणाले, "साहेब, हार उरल्यात. माझाबी निरोप आत्ताच उरका. कधीतरी द्यायचाच हाय. आन आजच्या दिवशी माझ्याबद्दल वाईट बोलायला कुणाकडं काय न्हाय."

प्राचार्य मुळात भिडस्त. त्यांनी हार घातला, वर दोन शब्दही बोलले. "सरांची उणीव आम्हाला कायम भासत राहील," असं ते गहिवरून म्हणाले तेव्हा सरांना स्वतःची खुर्चीसुद्धा अजून कोणी दाखवली नव्हती.

अशा माणसाच्या हाताखाली मी बरीच वर्षं काढली. मी मूळची इंदापूरची, त्यामुळे इरसाल माणसांची मला सवय होती. पण सरांपुढे आमचं अख्खं इंदापूर सोज्वळ वाटायला लागलं.

सर वडगाव निंबाळकरचे. घरी ऊस, गोठ्यात म्हशी, आणि नावापुढे डॉक्टरेट. इंग्रजी उत्तम यायचं, पण ते त्यांनी परदेशी पाहुण्यांसाठी आणि पंप बंद पडल्यावर शिव्या देण्यासाठी राखून ठेवलं होतं. बाकी सगळा कारभार गावाकडच्या मराठीत. उष्णता कशी वाहते हे शिकवताना म्हणायचे, "उष्णता पावण्यासारखी असती. जितं गारवा दिसंल तितं घुसती, आन तुमच्यासारखी तितंच लोळत पडती." कपाळावर कायम प्रयोगशाळेतला संरक्षक चष्मा चढवलेला. वर्गात, बँकेत, मंडईत. लग्नाला गेले तरी तो चष्मा असायचाच, आणि मंगलाष्टकं सुरू झाली की तो कपाळावरून डोळ्यांवर यायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अक्षता डोळ्यात जात्यात मॅडम. आपल्याकडं लोक नेम धरून मारत्यात."

पण त्यांचं खरं वेड वेगळंच. एम.टेक.च्या आमच्या मुलांना देशातले, देशाबाहेरचे मोठे पुरस्कार आणि फेलोशिपा मिळाल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. आमची मुलं सगळी आसपासच्या गावांतली. हुशार, कामसू, पण अशा मोठ्या गोष्टींची जाहिरात भिंतीवर लावली की ती लांबूनच वाचून पुढे जायची. ते आपल्यासाठी नसतं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं.

"हार घालून घ्यायचीबी सवय लागती," सर म्हणायचे. "आपली पोरं हार बघितला की मागं सरत्यात. मान पुढं करायची प्रॅक्टिस पायजे."

ही प्रॅक्टिस व्हावी म्हणून त्यांनी विभागात स्वतःचे पुरस्कार सुरू केले. वाफेची गळती सर्वांत आधी हुडकणाऱ्याला 'गळतीवीर'. वर्षभरात सर्वांत कमी काचसामान फोडणाऱ्याला 'काचरक्षक'. पहिल्याच वर्षी काचरक्षक पुरस्कार अशा मुलाला गेला, जो वर्षभर प्रयोगशाळेत फिरकलाच नव्हता. मी तक्रार केली. सर म्हणाले, "नियमात बसतंय. आन त्यानं काच वाचवली हे खरंच हाय का न्हाय?" तो मुलगा इतका शरमला, की दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेतून हलायला तयार नव्हता. त्यानं फोडलेल्या काचा आम्ही पाटीनं भरून नेल्या.

सगळ्यांत मानाची होती ती 'अंडी फेलोशिप'. सरांच्या घरी गावरान कोंबड्या होत्या. ज्याचा प्रबंध लिहून व्हायला आलाय, अशा एका विद्यार्थ्याला महिनाभर रोज दोन अंडी. निवड गुणवत्तेवर. प्रगती दाखवली तर मुदतवाढ. शाकाहारी उमेदवाराला त्याच दर्जाचं दूध. एकदा उन्हाळ्यात कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलं, तेव्हा सूचनाफलकावर सरांच्या सहीनं लागलं होतं, 'निधी आटल्यामुळे यंदाची फेलोशिप स्थगित.' खाली कोणा कार्ट्यानं पेन्सिलीनं लिहिलं, 'निवड समिती खुडूक बसली आहे.' सरांनी अक्षर ओळखलं, त्याला बोलावलं आणि विनोदाबद्दल नारळ देऊन सत्कार केला.

आता शालीचं सांगते. एवढे सत्कार करायचे तर शाली किती लागणार? सरांकडे एकच होती, डाळिंबी रंगाची, जरीच्या काठाची. सत्कार झाला, टाळ्या झाल्या, फोटो झाला, की सर पुढे होऊन सत्कारमूर्तीच्या खांद्यावरून शाल अलगद उतरवून घडी करत. पहिल्यांदाच आलेला पाहुणा गडबडून जायचा. सर त्याला समजावत, "शाल कॅटलिस्ट असती. रिॲक्शनमधी भाग घेती, आन शेवटाला जशीच्या तशी भायेर येती. नारळ तुमचा. नारळ संपतो."

आणि सत्काराची वेळ? तिथंच तर सगळी गंमत. जग निकालानंतर सत्कार करतं. सर मुलाखतीच्या आधी करायचे. एखाद्या मुलाला कुठल्याही फेलोशिपच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, की त्याच सकाळी त्याला शाल, हार, नारळ, आणि टाळ्या.

"अहो सर, मिळाली नाही तर?" मी विचारायची.

"मग तर आधीच केलेला बरा! न्हाय मिळाल्यावर कोण करणार हाय?" मग जरा थांबून म्हणायचे, "मॅडम, हिंमत लागती ती आत जाताना. भायेर आल्यावर शाल घालून काय करायचं? पंख्याखाली बसायचं?"



सत्काराच्या आधी मात्र एक अग्निपरीक्षा असायची. सरांच्या सासूबाई. सर त्यांना मामी म्हणत. मामी बारामतीत लेकीकडेच राहायच्या, आणि सरांच्या मते देशातली कुठलीही निवड समिती मामींच्या पासंगाला पुरणारी नव्हती. मुलाखतीला निघालेल्या प्रत्येकानं सरांच्या ओसरीत मामींपुढे बसायचं आणि आपलं संशोधन समजावून सांगायचं. मामी काही विचारत नसत. त्यांना कंटाळा आला की त्या डोळे मिटत. डोळे मिटले की नापास. उठायचं, आठवड्यानं पुन्हा यायचं. चहा येईपर्यंत मामी जाग्या राहिल्या तर पास. मी स्वतः एकदा गंमत म्हणून माझा प्रबंध सांगायला बसले. दुसऱ्या वाक्याला त्या घोरायला लागल्या.

कळस गावच्या वैष्णवीनं मात्र मामींना चहा होऊन गेला तरी जागं ठेवलं होतं.

ही वैष्णवी म्हणजे उंच, सडपातळ, कमी बोलणारी पोरगी. वडिलांना सगळं गाव तात्या म्हणायचं. तात्यांचा दुधाचा धंदा, थोडा ऊस. पोरगी रोज कळसहून मोटारसायकलवर यायची आणि आल्या आल्या एका पिंपाशी जाऊन बसायची. पनीर केल्यावर जे हिरवट पाणी उरतं, त्यातून अंगाला लागणारी प्रथिनं वेगळी काढायची, हे तिचं काम. त्यासाठी एक अतिबारीक भोकांची चाळण असते, आणि ती चाळण हटकून तुंबते. चाळण तुंबू नये म्हणून वैष्णवीनं पाण्याला मधूनमधून उलटे हिसके द्यायची एक युक्ती काढली होती. मामींना तिनं ती दुधाच्या गाळणीवर करून दाखवली. मामी म्हणाल्या, "आगं, मी तर गाळणी आपटती." वैष्णवी म्हणाली, "आजी, माझी आपटली की फुटती." मामींचे डोळे टक्क उघडे.

तिनं दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेच्या फेलोशिपसाठी अर्ज केला होता. डॉक्टरेटची सगळी वर्षं तिथं राहून काम करायचं, वर तिथली प्रयोगशाळा वापरायला. जागा एकच. त्याच सुमाराला एमआयडीसीतल्या एका डेअरीनंही तिला तपासणी विभागात कायमची नोकरी देऊ केली होती. तात्यांचा जीव नोकरीवर. कळसहून गाडीनं जाता येईल, संध्याकाळी पोरगी घरी. वैष्णवीचा जीव पिंपावर. बापलेकीत तह झाला होता: मुलाखत दे, फेलोशिप मिळाली तर जा, नाहीतर गुपचूप डेअरीत हजर हो. डेअरीवालेही थांबायला तयार होते. सगळं कसं आलबेल.

मग मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि सरांनी शिरस्त्याप्रमाणे कळसला फोन लावला.

मी समोर होते. सर फोनवर एवढंच म्हणाले, "तात्या, सत्काराची तयारी ठेवा. पुढच्या सोमवारी सकाळी येतो." फोन तात्यांनी नव्हता उचलला. उचलला होता वैष्णवीच्या मामांनी. आता मला सांगा, सत्काराची तयारी ठेवा, असं कॉलेजातला हेड फोन करून सांगतो, तेव्हा पृथ्वीच्या पाठीवरचा कुठला मामा असं समजेल, की अजून काहीच झालेलं नाही?

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागले. एक कळसच्या चौकात, एक रस्त्याला, आणि एक थेट एमआयडीसीच्या वळणावर. मी सकाळी कॉलेजला जाताना पाहिला आणि गाडी कडेला घेऊन हसत बसले. डावीकडे वैष्णवी, हातात निळ्या पाण्याची नळी. उजवीकडे तिच्या दुप्पट आकाराचे मामा, काळा गॉगल, कानाला मोबाईल. आणि मधोमध मजकूर:

'कळसची कन्या, रसायनशास्त्राची रणरागिणी, कु. वैष्णवीताई यांची फेलोशिपपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

खाली शुभेच्छुकांचे फोटो, गच्च दाटीवाटीनं.

माझं हसू दुपारपर्यंत टिकलं. दुपारी वैष्णवी विभागात आली ती पांढरीफटक पडून. डेअरीनं नोकरी दुसऱ्याला दिली होती.

सर तसेच उठले. मी गाडी काढली. आम्ही तिघं डेअरीच्या मॅनेजरसमोर जाऊन बसलो. मॅनेजर उलट आमचंच तोंड गोड करायला निघाला.

"अभिनंदन ताई! आम्ही म्हटलं, आता ताई कशाला येतायत आमच्याकडं? जागा अडवून कशाला ठेवायची? लगेच दुसऱ्याला घेतलं."

"आहो, तिला अजून मिळाली न्हाय फेलोशिप," सर म्हणाले. "मुलाखत व्हायचीय."

"असं कसं? फ्लेक्स लागलाय की!"

"फ्लेक्स चुकलाय."

मॅनेजर दुखावला. "सर, फ्लेक्सवर माझा फोटो आहे. शुभेच्छुकांत, वरून दुसरा. त्यांच्या मामांनी मागितला, मी आनंदानं दिला. चुकीच्या गोष्टीला कसा देईन मी फोटो?"

ह्या तर्कापुढे केमिकल इंजिनिअरिंग हरलं. आम्ही पेढे घेऊन बाहेर आलो.

संध्याकाळी तात्या कॉलेजात आले. हा माणूस आवाज चढवणारा नव्हता. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "सर, तुमच्या एका फोनानं पोरीची हातातली नोकरी गेली. मेव्हणा माझा येडा हाय, मान्य. पण आता ती तुमची फेलोशिप न्हाय मिळाली, तर पोरीनं काय करायचं? गावात तोंड कसं दाखवायचं?"

"मिळंल," सर म्हणाले.

"कशावरनं?"

सरांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसायला घेतला. तो चष्मा त्यांनी उतरवून हातात घेतलेला मी प्रथमच पाहत होते. "तिचं काम चांगलं हाय म्हणून," ते हळूच म्हणाले. "दुसरं माझ्याकडं काय न्हाय, तात्या."

तात्या उठले. दारातून वळून म्हणाले, "सोमवारी या मग. आता सत्कार न्हाय केला तर लोक म्हणतील, कायतरी बिनसलं."

तर असा तो सोमवार उजाडला. मुलाखत अकरा वाजता, ऑनलाइन, आमच्या सेमिनार हॉलमधून. सरांचा बेत असा, की सकाळी दूध घालायला माणसं येतात तिथंच चार डोकी जमवून शाल-नारळ करायचा आणि वैष्णवीला घेऊन निघायचं. माझ्या छोट्या गाडीतून आम्ही कळसला पोचलो आणि मी ब्रेक दाबला. समोर हलगी, ताशा, फेटेवाले, उघडी जीप, आणि गुलालाची पोती मांडून मामा.

"मामा, एवढं कशाला?" सर ओरडले. हलगीत ऐकू कोणाला येतंय?

वैष्णवीला फेटा बांधला गावातल्या एका पैलवानानं. माणूस प्रेमळ, पण हाताला अंदाज नाही. त्यानं असा काही पीळ मारला, की पोरीच्या भुवया वर ओढल्या गेल्या आणि ती सगळ्या मिरवणुकीत आश्चर्यचकित दिसत राहिली. सरांनी शाल घातली, पण ती उतरवून घ्यायला त्यांना कोणी जवळ फिरकू देईना. सरपंच बोलले, दूध संस्थेचे चेअरमन बोलले, मामा दोनदा बोलले. "आमची ताई बिनविरोध!" असं मामा म्हणाले, की हलगी वाजायची. सर घड्याळ बघत होते आणि मी सरांकडे.

शेवटी सरांनी तिचा हात धरला, गर्दीतून ओढत आणून गाडीत कोंबली आणि मला म्हणाले, "मॅडम, पळवा."

पळवतेय कुठे! बातमी रस्त्याला आमच्या पुढे धावत होती. पुढच्या गावात माणसं हार घेऊन रस्त्यात उभी. त्याच्या पुढच्या फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा लावलेला, ड्रायव्हरच्या हातात नारळ. काच खाली केली की मूठभर गुलाल आत. काच वर ठेवली तर लोक वाईट वाटून बोनेटवर थापा मारायचे. एक आजीबाई ओवाळल्याशिवाय सोडेचनात. "आजी, पोरीची परीक्षा हाय!" सर काकुळतीला आले.

"आता कशाची परीक्षा?" आजी म्हणाल्या. "झालं की तिचं!"

आम्ही सेमिनार हॉलमध्ये घुसलो तेव्हा लॅपटॉपच्या पडद्यावर समितीची माणसं येऊन बसलेली होती. तोंड धुवायला वेळ नव्हता. फेटा सोडायचा मी प्रयत्न केला, सरांनी केला, शेवटी दोघांनी मिळून ओढला. वैष्णवी "आई गं" म्हणाली, फेटा मात्र हलला नाही. तिनं खोल श्वास घेतला आणि तशीच कॅमेऱ्यासमोर जाऊन बसली. डोक्यावर भगवा फेटा, खांद्यावर डाळिंबी शाल, गळ्यात हार, तोंड नाकापासून कानापर्यंत गुलाबी, आणि भुवया कपाळावर.

पडद्यावर चार चेहरे होते. मधल्या बाई समितीच्या प्रमुख असाव्यात. पिकलेले केस, करडी नजर. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या, "हा तुमच्याकडे एखादा सण आहे का?"

मी आणि सर कॅमेऱ्याच्या बाजूला, भिंतीला चिकटून उभे. सरांनी ओठ हलवून सांगितलं, खरं सांग.

"नाही मॅडम," वैष्णवी म्हणाली. "माझा सत्कार होता."

"अरे वा. कशाबद्दल?"

"ही फेलोशिप मिळाल्याबद्दल."

चौघंही चित्रासारखे स्तब्ध. मला वाटलं नेट गेलं.

"पण," बाई सावकाश म्हणाल्या, "आम्ही ती अजून कुणाला दिलेली नाही."

"हो मॅडम. ते तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. माझ्या गावाला माहीत नाही."

"आणि आम्ही ती तुम्हाला दिली नाही तर?"

वैष्णवीनं क्षणभर विचार केला. "तर तसं सांगायला तुमच्यापैकी कोणालातरी कळसला यावं लागेल. माझी हिंमत नाही."

आधी एका सदस्यानं आवाज बंद केला. मग दुसऱ्यानं. पडद्यावर नुसते खांदे हलताना दिसत होते. बाईंनी डोळे पुसले, आणि नेमक्या त्याच वेळी गुलाल नाकात जाऊन वैष्णवीला शिंका सुरू झाल्या. थांबेनात. सरांना राहवेना. त्यांनी भिंत न सोडता हात लांब केला आणि कॅमेऱ्यासमोर एक रुमाल अवतरला.

"हा हात कोणाचा?" बाईंनी विचारलं.

"सरांचा," शिंकत शिंकत वैष्णवी म्हणाली.

"हाताला सांगा बाहेर जायला."

हात बाहेर गेला. हातासोबत सर गेले, आणि पुढची मुलाखत त्यांनी दाराला कान लावून ऐकली. मी आतच राहिले, मला कोणी हाकललं नव्हतं.

हसणं संपलं आणि बाईंनी पोरीला धरलं. चाळण तुंबते ती नेमकी कशानं? उलटा हिसका किती वेळानं, किती जोराचा? जोर वाढवला तर काय बिघडतं? मोठ्या कारखान्यात हे चालेल कशावरून? वैष्णवी मान न हलवता उत्तरं देत गेली. मान हलवता येत नव्हतीच म्हणा. आकडे तोंडपाठ, आणि जिथं प्रयोग फसला तिथं तो कसा फसला तेही तिनं न लपवता सांगितलं. एका प्रश्नाला तिनं गळ्यातला हार सावरला. मग म्हणाली, "हे मी करून बघितलेलं नाही. अंदाजानं सांगितलं तर चुकेल." बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. ते चांगलं टिपलं की वाईट, हे काही मला वाचता येईना.

मुलाखत संपल्यावर फेटा आम्ही कात्रीनं कापून काढला. माझ्या गाडीच्या एसीमधून अजूनही अधूनमधून गुलाल येतो.

त्यानंतर निकालाची वाट बघणं सुरू झालं, आणि सर पार बदलून गेले. सत्कार बंद. गळतीवीर जाहीर व्हायचा होता, तो लांबला. कोणी नारळ मागितला तर खेकसायचे. कळसच्या बाजूला कोणाच्या लग्नाचं आमंत्रण आलं तर त्यांचं पोट दुखायचं. इंदापूरला काम निघालं तर ते इतक्या लांबच्या रस्त्यानं जायचे, की एकदा वाट चुकून भलत्याच गावात पोचले आणि तिथल्या उरसात जेवून परत आले. वैष्णवी मात्र रोज सकाळी येऊन पिंपाशी बसायची. रोज सर दारात येऊन विचारायचे, "मेल?" ती मान हलवायची. सर जायचे.

एकदा मीच म्हटलं, "सर, तुम्हीच म्हणता ना, हिंमत आधी लागते?"

"पोरीला होती की," सर म्हणाले. "आता मला लागायला लागली."

आणि एके दिवशी, चहाच्या सुट्टीनंतर, ती माझ्या खोलीत आली. तिनं मोबाईल पुढे केला. मी मेल वाचला. पहिल्या ओळीतच 'आनंद होत आहे' असं होतं. मी किंचाळले. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला. मग तिनं घरी फोन लावला, मी तो स्पीकरवर टाकायला लावला.

"तात्या, फेलोशिप मिळाली!"

पलीकडे म्हैस ओरडली. मग तात्या म्हणाले, "आगं, ते मागंच झालं की."

"तात्या, तेव्हा नव्हती मिळाली. आता मिळाली! खरी!"

"हळू बोल, मामा हितंच हाय," तात्यांनी आवाज दाबला.  मग त्यांनी मोठ्यांदा नाक शिंकरलं. "बरं. येताना म्हशींच्या गोळीपेंडीचं सांगून ये दुकानात. संपत आलीय."

म्हणजे बघा, ज्या दिवशी तिनं खरोखर काही मिळवलं, त्या दिवशी ना हार, ना हलगी, ना एक फ्लेक्स. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती नाचत सरांच्या खोलीकडे गेली. मीही मागोमाग, कारण हे मला चुकवायचं नव्हतं.

सरांनी मेल वाचला. पुन्हा वाचला. चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पुन्हा वाचला. मग मोबाईल तिच्या हातात देऊन म्हणाले, "बरं. सकाळचं रीडिंग घेतलं का?"

"न्हाय सर, अजून..."

"मग हितं काय करतीस? जा, घे. फेलोशिप मिळाली म्हणून पिंप थांबंल व्हय?"

ती गेली. मी सरांवर तोंडसुख घ्यायला तोंड उघडलं, तर ते "जरा बॉयलर बघून येतो" असं पुटपुटत बाहेर पडले. बॉयलर तर त्या दिवशी बंद होता.

मी जिन्यावरच्या खिडकीशी गेले. खाली, शेडच्या मागं, रिकाम्या सिलिंडरांच्या रांगेत सर उभे होते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे धरले, जणू हातात लेझीम आहे, आणि तोंडानंच ताल धरला. दोन पावलं पुढे, वाकून खाली, दोन पावलं मागे, वर उडी. शाळेतल्या मुलासारखी शिस्तीत. गिरकी घेताना तोल गेला, एका सिलिंडरला मिठी मारून सावरले. पुन्हा इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघत नाही अशी खात्री झाली, तसा शर्ट नीट खोचला, आणि चुकलं तिथून नाही, पार पहिल्या पावलापासून सगळं पुन्हा सुरू केलं.